तिरकी सफ

आपल्या बोलण्यात कवडी अजून जिवंत आहे. कंजूष माणसाला आपण कवडीचुंबक म्हणतो, भावकीच्या भांडणात जमीन कवडीमोलाने गेली म्हणून हळहळतो आणि रागाच्या भरात फुटकी कवडी देणार नाही असं बजावतो. ही कवडी यायची कुठून? बहुतांशी मालदीवहून. लक्षद्वीपच्या दक्षिणेला सुमारे बाराशे चिमुकल्या बेटांची एक माळ समुद्रात पसरली आहे. तिथल्या उथळ पाण्यातून वेचलेली कवडी बंगालात शेकडो वर्षं चलन म्हणून चालली. पुढे युरोपातल्या व्यापाऱ्यांनी तीच कवडी पश्चिम आफ्रिकेपर्यंत नेली. १९९० च्या दशकात एगिल मिक्केल्सन या नॉर्वेच्या पुरातत्त्वज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मालदीवमधल्या काशिधू बेटावर उत्खनन केलं. तिथे त्यांना एका मोठ्या बौद्ध विहाराचे पाये सापडले, आणि एका खड्ड्यात पुरून ठेवलेल्या साठ हजारांहून जास्त कवड्या.

शंभर टक्के मुसलमान असलेल्या देशाच्या मातीत विहार. हे वाचताना आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. ती आठी हाच माझा आजचा विषय आहे.

७ फेब्रुवारी २०१२ ची गोष्ट. मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी त्या दिवशी राजीनामा दिला. राजधानी मालेमध्ये गोंधळ माजला होता. त्या गोंधळात एक जमाव राष्ट्रीय संग्रहालयात घुसला. संग्रहालयाची नवी इमारत चीनच्या मदतीने उभी राहून जेमतेम दोन वर्षं झाली होती. जमावाने तिजोरी फोडली नाही, सुलतानांच्या तलवारी पळवल्या नाहीत. तो थेट इस्लामपूर्व काळाच्या दालनात गेला आणि प्रवाळाच्या दगडात कोरलेली बुद्धाची शिरं, अनेक मुखांच्या आकृत्या, असे तीसेक अवशेष त्याने फोडून टाकले. काही तर असे फुटले की नुसता भुगा उरला. प्रवाळ म्हणजे काही काळा पत्थर नव्हे, त्याला हातोडीचे दोन घाव पुरतात. त्या दालनातलं जवळजवळ सगळं गेलं. जे गेलं त्याची दुसरी प्रत जगात नव्हती.

त्याआधी तीन महिने, नोव्हेंबर २०११ मध्ये, सार्क परिषदेच्या निमित्ताने अड्डू इथे सदस्य देशांनी भेट दिलेली स्मारकं उभारली होती. त्यांवरच्या आकृत्या म्हणजे मूर्ती आहेत, असं म्हणून त्यांची नासधूस झाली. त्यात पाकिस्तानने दिलेलं स्मारकही होतं. आपल्याकडे ऊठसूट आपल्याला पाकिस्तानात जायला सांगणाऱ्यांना ही बातमी कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती. पाकिस्तानचीही पाकी ज्यांना पुरेशी वाटत नाही, अशीही माणसं जगात आहेत. २३ डिसेंबर २०११ रोजी मालेत इस्लामच्या रक्षणासाठी म्हणून मोठा मोर्चा निघाला, त्याच्या मागण्यांमध्ये ही स्मारकं हटवण्याची मागणी होती. म्हणजे फेब्रुवारीतला हातोडा अचानक उगवला नव्हता. व्यासपीठावरून आधी जीभ चालली होती.

आता या तोडफोडीच्या बाजूने जे बोललं जातं ते आधी ऐकून घेऊ. मी ते आपल्याच मोहल्ल्यात ऐकलं आहे, तेही चांगल्या शिकलेल्या माणसांकडून. पहिला मुद्दा असा, की इस्लाममध्ये मूर्तीला जागा नाही, फतहे-मक्काच्या दिवशी काबा मूर्तींपासून पाक करण्यात आला, तेव्हा मूर्ती फोडणं ही सुन्नत आहे. हा मुद्दा मांडणारा माणूस काबा आणि संग्रहालय यांतला फरक विसरतो. काबा हे इबादतीचं घर होतं. ते ज्या एका अल्लाहच्या इबादतीसाठी बांधलं गेलं, असं आपण मानतो, त्या कामासाठी ते परत घेतलं गेलं. संग्रहालयात इबादत कोण करत होतं? काचेच्या पेटीपुढे कुणी हात जोडले होते, फुलं वाहिली होती? मालदीवच्या २००८ च्या राज्यघटनेप्रमाणे बिगर-मुस्लिम माणसाला तिथलं नागरिकत्वच मिळू शकत नाही. पूजा करायला माणूसच नाही, तर शिर्क करणार कोण? दगडाने स्वतःची पूजा करायची?

आणि सुन्नतच बघायची तर सहाबांची कृती बघा. इसवी सन ६४१ च्या सुमारास हजरत अम्र बिन आस यांनी मिसर जिंकलं. तिथे पिरॅमिडच्या पायथ्याशी माणसाच्या तोंडाचा तो प्रचंड सिंह तेव्हाही होता, आजही आहे. त्याला लपवलेलं नव्हतं. ज्यांनी रसूलुल्लाहना डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांचं ईमान त्या दगडाने हललं नाही. मालेतल्या वीस वर्षांच्या पोरांचं मात्र हललं.

कुरआन तर पुन्हा पुन्हा सांगतं की जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधी होऊन गेलेल्यांचं काय झालं ते पाहा. मी काही आलिम नाही, पण एवढं मला कळतं, की पाहायचं असेल तर पाहण्यासारखं काहीतरी शिल्लक असावं लागतं. आद आणि समूद यांच्या उजाड वस्त्या इबरतीसाठी आहेत. इबरतीचा दगड फोडून टाकल्यावर इबरत कशापासून घेणार?

दुसरा मुद्दा जास्त हुशार आहे. तो म्हणतो, हे अवशेष 'आमचे' नाहीत. आमचा इतिहास इसवी सन ११५३ पासून सुरू होतो. त्या वर्षी मालदीवच्या राजाने इस्लाम स्वीकारला. त्याआधीचं सगळं जाहिलियत, आणि जाहिलियतीचा सांभाळ कशाला?

हा मुद्दा मालदीवच्या भाषेलाच विचारून पाहू. त्यांची भाषा धिवेही. ती अरबी कुळातली नाही. ती सिंहलीची बहीण, म्हणजे आपल्या मराठीची लांबची नातेवाईक. तिचे आकडे मोजा: एकेह, धेह, थिनेह, हथरेह, फहेह. एक, दोन, तीन, चार, पाच. कोकणातल्या कुठल्याही आजीला हे दुसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. धिवेही या नावात 'द्वीप' आहे. त्यांची लिपी थाना, ती उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे चालते. पण तिची अक्षरं आली कुठून हे पाहिलं तर माणूस थक्क होतो. पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांपासून बनली आणि पुढची नऊ त्या बेटांवरच्या जुन्या, आपल्या ब्राह्मी कुळातल्या आकड्यांपासून. मुसलमान झालेल्या माणसांनी, मुसलमान असताना, आपल्या कुरआनच्या लिपीशेजारी आजोबांचे आकडे बसवले आणि त्यातून एक अक्षरमाला घडवली. १९७० च्या दशकात ही लिपी बाजूला ठेवून रोमन अक्षरं आणायचा प्रयत्न झाला. १९७८ मध्ये सत्तेवर आलेल्या मौमून अब्दुल गयूम यांनी थाना परत आणली. गयूम अल-अजहरमध्ये शिकलेले. त्यांच्याच कारकिर्दीत १९७९ साली ऐतिहासिक जागा आणि वस्तू यांची नासधूस करायला बंदी घालणारा कायदा झाला. त्या कायद्याने विहार वेगळा आणि मशीद वेगळी असं पाहिलं नाही. तेव्हा २०१२ मध्ये हातोडा चालवणाऱ्यांनी काफिरांचा कायदा मोडला नाही, मुसलमान राज्याचा मोडला.

मग ११५३ च्या आधीचं सगळं फेकायचं तर आकडे फेका, लिपीतली अर्धी अक्षरं फेका, देशाचं नाव फेका. आपणही मग उर्दूतला 'बुत' हा शब्द टाकून द्यावा. कारण तो बुद्ध या नावापासूनच फारसीत आला. गजलमधला बुतखाना, शायराची बुतपरस्ती, सगळं त्या एका राजपुत्राचं देणं. इब्ने बतूता १३४३ मध्ये मालदीवला पोचला, तिथे काजी झाला, तिथे त्याने लग्नंही केली. तिथल्या बायकांनी अंगभर कपडे घालावेत म्हणून काजीसाहेबांनी खूप खटपट केली, पण बायकांनी दाद दिली नाही, हे त्यानेच प्रामाणिकपणे लिहून ठेवलं आहे. त्याने बेटांच्या इस्लामची जी कथा ऐकली तीत समुद्रातून येणारा एक जिन्न आहे, दर महिन्याला किनाऱ्यावरच्या बुदखान्यात त्याच्यासाठी ठेवली जाणारी एक कुमारिका आहे, आणि रात्रभर कुरआन पढून त्या जिन्नाला पळवून लावणारा अबुल बरकात नावाचा मगरिबी पाहुणा आहे. कथा गोड आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या पीर-औलियांच्या करामतींत ती सहज बसेल.

पण कथेच्या शेजारी ताम्रपटही आहे. मालदीवमध्ये त्यांना लोमाफानू म्हणतात. बाराव्या शतकाच्या अखेरचे, म्हणजे बेटं मुसलमान झाल्यानंतर चाळीसेक वर्षांत लिहिलेले हे पत्रे. ते जुन्या लिपीत आहेत आणि त्यांतल्या सुलतानाचं नाव श्री गदन आदित्य महाराज असं आहे. हे नाव दोनदा वाचा. मशिदीला जमिनी लावून देणारा, नमाजी सुलतान, आणि नाव आदित्य महाराज. याच पत्र्यांत दक्षिणेकडच्या एका बेटसमूहातले विहार मोडल्याची आणि तिथल्या भिक्षूंना मालेला नेऊन त्यांची डोकी उडवल्याची नोंद आहे.

हे वाचून मला बरं वाटलं नाही. कुणालाच वाटणार नाही. बेटं मगरिबी बुजुर्गाच्या तिलावतीने मुसलमान झाली, एवढंच लहानपणापासून ऐकलेलं असलं की हा पत्रा घशात अडकतो. पण हा पत्रा कुणा दुश्मनाने लिहिलेला नाही. आपल्याच माणसांनी लिहिला आणि आपल्याच माणसांनी आठशे वर्षं जपला. लामू बेटसमूहातल्या इसधूचा ताम्रपट त्या बेटाचा अभिमान आहे. गैरसोयीचा कागद जपणारी ती साधी, मासेमारी करणारी माणसं जास्त पक्की मुसलमान होती असं मला वाटतं. त्यांना आपल्या दीनची एवढी भीती नव्हती.

माझे मामू जहाजावर होते. मालवाहू बोटीवर सारंगाच्या हाताखाली त्यांनी अर्धं आयुष्य काढलं. मालेच्या जुम्मा मशिदीत त्यांनी कधीकाळी नमाज पढली होती आणि तिथली एकच गोष्ट ते आम्हाला दरवेळी सांगत: "अरे, तिथं सफच तिरकी!" मशीद एका दिशेला आणि जानमाजी दुसऱ्या दिशेला. भिंतीला समांतर उभं राहायचं नाही, कोपऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं. आम्हा पोरांना हे भारी गंमतीचं वाटे. आम्ही ओटीवर चटई तिरकी टाकून मालेची नमाज खेळायचो आणि नानीचा मार खायचो.

ती मशीद म्हणजे हुकुरु मिस्कीय. सुलतान इब्राहिम इस्कंदरने ती १६५८ साली बांधली. शेजारचा गोल मिनार १६७५ चा. इमारतीचं तोंड मावळतीकडे आहे आणि मालेहून मक्का वायव्येला, म्हणून सफ तिरकी. असं का झालं? थॉर हेयरडाल हा नॉर्वेचा दर्यावर्दी संशोधक १९८० च्या दशकात तिथे गेला होता. त्याने मांडलं की अशा मशिदी जुन्या, सूर्याकडे तोंड असलेल्या देवळांच्या पायावर उभ्या आहेत, पाया तोच ठेवला आणि नमाजीची दिशा तेवढी वळवली. हेयरडालच्या सगळ्याच कल्पना विद्वानांनी मान्य केलेल्या नाहीत. ही मान्य करायची की नाही ते त्यांनी ठरवावं.

मला इथे थांबायचं आहे, कारण नेमकं इथेच आपली जीभ अडखळते. मशिदीखाली देऊळ होतं असं कुणी म्हटलं की भारतातल्या मुसलमानाच्या पोटात गोळा येतो. का येतो, ते सांगायला नको. ६ डिसेंबर १९९२ आपण पाहिला आहे. त्यानंतरची मुंबई आपल्यापैकी काहींनी अंगावर घेतली आहे. ९ नोव्हेंबर २०१९ चा निकाल वाचला आहे. म्हणून आपल्या वाडवडिलांनी कुणाचं काय पाडलं किंवा नाही पाडलं, हा विषयच काढायचा नाही असं आपण ठरवून टाकलं. गप्प बसणं ही ढाल झाली.

ही ढाल कुचकामी आहे असं माझं म्हणणं आहे. १९९१ च्या प्रार्थनास्थळांच्या कायद्याने, अयोध्येचा वाद वगळून, सांगितलं की १५ ऑगस्ट १९४७ ला जे स्थळ ज्या स्वरूपात होतं ते तसंच राहील. त्या कायद्याचा अर्थ इतिहास घडलाच नाही असा नाही. जे घडलं त्याचा सूड दगडावर उगवायचा नाही, असा त्याचा अर्थ आहे. हे तत्त्व आपल्याला बाबरीसाठी हवं असेल तर ते मालेच्या बुद्धासाठीही मान्य करावं लागेल. 'आमच्या आधीचं' म्हणून फोडायची परवानगी मालेच्या जमावाला दिली, तर तीच परवानगी अयोध्येच्या जमावाने मागितली होती. दोन्हीकडे हातोडा एकाच कारखान्यातला. २०१२ मध्ये आपल्या किती मासिकांनी, किती जमातींनी, किती पुढाऱ्यांनी मालेच्या संग्रहालयाबद्दल एक ओळ लिहिली? मी शोधलं. फार वेळ लागला नाही, कारण फार काही सापडलं नाही. मार्च २००१ मध्ये बामियानचे बुद्ध उडवले तेव्हा निदान इस्लामी देशांच्या संघटनेतर्फे उलेमांचं शिष्टमंडळ कंदाहारला जाऊन तालिबानची मनधरणी करून आलं होतं. मालेसाठी आपण एक पोस्टकार्डही टाकलं नाही.

'आधी आपल्यावरचा जुलूम बघा, परदेशातल्या दगडांचं काय घेऊन बसलात', हे उत्तर मला पाठ आहे. पण ज्याच्या घरावर दगड येतो त्याला दगडाचा कायदा सगळ्यात आधी कळायला हवा.

इथे एक कबुली द्यायला हवी, नाहीतर बेटांवर अन्याय होईल. मालदीवमधला ठेवा फक्त मुसलमान जमावाने नासवला असं मुळीच नाही. अड्डूमधल्या गान बेटावर मोठे बौद्ध अवशेष होते. सिलोनच्या पुरातत्त्व खात्याचे जुने प्रमुख एच. सी. पी. बेल यांनी १९२२ मध्ये त्यांची पाहणी केली होती. ब्रिटिशांनी तिथे लष्करी विमानतळ बांधला आणि ते अवशेष धावपट्टीसाठी सपाट केले. बेलसाहेबाने नोंदवलं आणि बेलसाहेबाच्याच सरकारने बुलडोझर फिरवला. मालेचा जुना किल्ला, तटबुरूज, सुलतानांचा राजवाडा यांतलं बहुतेक सगळं विसाव्या शतकात पाडलं गेलं, ते नव्या काळाच्या आणि शहर वाढवण्याच्या नावाने. राजवाड्याच्या जागेवर आज बाग आहे. अठराव्या शतकातली एक छोटी, देखणी प्रवाळी मशीद, काळुवकारू तिचं नाव, सुटी करून पर्यटकांच्या बेटावर नेली गेली होती आणि नंतर परत आणली गेली. मशीद सुटी करता येते, हे तिच्या कारागिरीचं कौतुक. ती सुटी करून पर्यटकांपुढे मांडावीशी वाटली, हे आपल्या काळाचं.

कारागिरीचं थोडं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय काय जातंय ते कळणार नाही. या मशिदींना चुना-सिमेंट नाही. समुद्रातून जिवंत प्रवाळाचे मोठे ठोकळे कापून आणायचे. ओला असतो तोवर तो दगड मऊ, लाकडासारखा कापता येतो. मग तो वाळवायचा आणि आपला सुतार चौकटीला जसा खाचा-कुसवांचा सांधा करतो तसा सांधा दगडाला करून एकात एक बसवायचा. नौका बांधणाऱ्यांच्या हाताची मशीद. भिंतीवर वेलबुट्टी, आत लाखेच्या रंगकामाचे खांब, छताच्या लाकडावर कोरलेल्या आयती. तिरकी सफ असलेली ती हुकुरु मिस्कीय, इहवंधू, फेनफुशी, इसधू, अशा सहा मशिदींचा समूह मालदीवने २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घातला. हिंदी महासागराभोवती प्रवाळी दगडाच्या मशिदी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही आहेत, पण दगडाला सुताराचा सांधा लावण्याची ही तऱ्हा या बेटांचीच. तिचं मूळ कुठे शोधतात ठाऊक आहे? त्याच विहारांच्या, स्तूपांच्या पायांत. तिथेही प्रवाळ असाच कापलेला, असाच घडवलेला. दगड कापणारे हात धर्म बदलल्यावर बदलले नाहीत. बुद्धाचं शिर फोडणाऱ्याने आपल्याच मशिदीच्या उस्तादाचा उस्ताद फोडला.

आणि या मशिदी जातात त्या जमावाने नव्हे, नेकीच्या पैशाने जातात. जुनी मशीद लहान पडते, लोकसंख्या वाढते, कुणी देणगीदार मिळतो आणि सिमेंटची मोठी मशीद उभी राहते. जुनी बाजूला पडते किंवा जागा लागते म्हणून निघते. यात कुणाचीही नियत वाईट नसते. म्हणूनच ते थांबवणं अवघड आहे. मक्केत २००२ साली उस्मानी काळातला अजयाद किल्ला पाडून तिथे मनोरे उभे राहिले, तेव्हा तुर्कस्तानने आरडाओरडा केला आणि बाकीचे आपण हाजींच्या सोयीबद्दल बोललो. अड्डूमधल्या हुलुमीधू बेटावर कोअगन्नू नावाचं कब्रस्तान आहे. मालदीवमधलं सगळ्यात मोठं, इस्लामच्या पहिल्या शतकांपासूनचं. हजाराहून जास्त कोरीव प्रवाळी कबरशिळा, टोकदार माथ्याच्या पुरुषांच्या आणि गोल माथ्याच्या बायकांच्या. मध्ये इवल्याशा मशिदी. २०२२ मध्ये जागतिक स्मारक निधीने धोक्यातल्या स्थळांच्या यादीत ते घेतलं, कारण समुद्र आत येतो आहे. ज्या देशाची बहुतेक जमीन समुद्रापासून मीटरभरही उंच नाही, तिथे कबरीही बुडणार.

२०१९ मध्ये मालदीवने वारशासाठी नवा कायदा केला. २०१८ पासून परदेशी आणि स्थानिक अभ्यासकांचा एक चमू बेटाबेटावर जाऊन अवशेषांची मोजमापं आणि त्रिमिती चित्रं घेतो आहे, विहाराचीही आणि मशिदीचीही. निदान चित्र तरी उरेल. जून २०१९ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी मालदीवच्या संसदेत जाहीर केलं की हुकुरु मिस्कीयच्या जतनाला भारत मदत करेल. पुरातत्त्व खात्याचे लोक त्या कामी गेले. ऐकून आनंद झाला, अगदी मनापासून. चारशे वर्षांची मशीद जपणं हे सरकारी काम आहे हे दिल्लीला मालेत तरी पटलं.

पण सरकारला टोमणा मारून मला सुटता येत नाही. आमच्या गावची मशीद खाडीच्या काठाला. सागवानी खांब, वर कौलं, मधोमध चौकोनी हौद, हौदाला उतरायच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या. खांबांच्या बोधांवर कमळं कोरलेली होती. कुणी कोरली? गावचेच सुतार, त्यांचं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही, आणि मुसलमान तर ते नक्की नव्हते. आखातातून पैसे आले तेव्हा जमातीची बैठक झाली. मीही होतो. दोन तरण्या पोरांनी कमळाचा मुद्दा काढला. हे हिंदूंचं निशाण, मशिदीत नको. मला तेव्हा बोलायचं होतं की कमळ आपल्या किनाऱ्याच्या सुताराचं आहे, त्याने ते होडीच्या नाळेवर कोरलं, देवळात कोरलं आणि आपल्याकडेही कोरलं. शंभर वर्षं आपल्या आजोबांनी त्या कमळांखाली सजदा केला, त्यांची नमाज कुठे बिघडली?

बोललो नाही. आखातातल्या पैशात माझ्या भावाचाही वाटा होता.

आता तिथे स्लॅब आहे, फरशी आहे, पंखे भरपूर आहेत, हौदाच्या जागी नळांची रांग आहे. सफा अगदी सरळ आहेत. खांब दोन वर्षं मशिदीमागे पावसात पडून होते. पुढे एका मुंबईकराने ते आपल्या शेतघरासाठी उचलून नेले, म्हणतात चांगला भाव देऊन. जमातीच्या हिशेबाच्या वहीत ती रक्कम 'जुनं लाकूड' या नावाखाली जमा आहे.